हातात धरून पक्षी टिपायचेत? लांब लेन्स अशी निवडा

भिगवणला कुंभारगावच्या काठावरून होडी सुटते तेव्हा जानेवारीत नीट उजाडलेलंही नसतं. होडीत ट्रायपॉड उभा करायला जागा नसते. असली तरी फायदा नाही, कारण पाण्याबरोबर होडी हलते आणि होडीबरोबर ट्रायपॉड. जे करायचं ते हातावर. माझ्या पहिल्या फेरीला मी जवळपास तीन किलोची लेन्स भाड्याने आणली होती. पहिली पंधरा मिनिटं मजेत गेली. पाऊण तासाने नदी सुरय पाण्यात सूर मारू लागले, नावाडी दादा वल्हं थांबवून ‘तो बघा, तो बघा’ म्हणत होते, आणि माझा डावा हात लेन्स डोळ्यापर्यंत न्यायला तयार नव्हता. शेजारच्या ताईंकडे सव्वा किलोची साधी ४०० मिमीची लेन्स होती. चोचीत मासा धरलेला सुरय त्यांना मिळाला.

तेव्हापासून कुणी ‘कोणती लांब लेन्स घेऊ?’ असं विचारलं, की मी आधी विचारतो, ‘ती किती वेळ उचलून धरणार आहात?’ दुकानात, जाहिरातीत, मित्रांच्या गप्पांत सगळे मिलीमीटरपासून सुरुवात करतात. हातात धरून फोटो काढणाऱ्याने वजन पहिल्यापासून हिशोबात धरावं. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

पायरी १: कुठे जाणार आणि काय बघणार, ते लिहून काढा

‘पक्षी आणि प्राणी’ एवढं लिहून भागत नाही. येत्या वर्षात खरोखर कुठे जाल ते लिहा. पुण्यातल्या माणसाची यादी साधारण अशी होते: रविवारी सकाळी कवडीपाट, हिवाळ्यात दोनदा भिगवण, उन्हाळ्यात एकदा ताडोबा. नाशिकचा माणूस नांदूर मध्यमेश्वर लिहील, पनवेलचा कर्नाळा. या प्रत्येक ठिकाणी पक्षी वेगळ्या अंतरावर असतो आणि उजेडही वेगळा असतो.

आता एक सोपं गणित. अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलीमीटरने, भागा. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात तेवढ्या मीटर रुंदीचं दृश्य मावतं. कॅमेरा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) असेल तर ३६ च्या जागी २४ घ्या, कॅननच्या एपीएस-सीला २२.

दहा मीटरवर तारेवर खंड्या बसलाय. ६०० मिमीने चौकट ६० सेंटिमीटर रुंद होते आणि सुमारे २८ सेंटिमीटरचा खंड्या जवळजवळ अर्धी चौकट भरतो. ४०० मिमीने चौकट ९० सेंटिमीटरची, म्हणजे खंड्या एक तृतीयांश. पण तीच ४०० मिमीची लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावली, तर चौकट पुन्हा ६० सेंटिमीटरवर येते. त्यामुळे ज्यांच्याकडे एपीएस-सी कॅमेरा आहे त्यांनी ६०० च्या मागे लागण्याआधी ४०० चा नीट विचार करावा.

नांदूर मध्यमेश्वरला मनोऱ्यावरून पाण्यातले चक्रवाक शंभर मीटरवर असले, तर ६०० मिमीनेही चौकट सहा मीटर रुंद येते आणि चक्रवाक तिच्या दहाव्या हिश्शाएवढा. तिथे लेन्स कितीही लांब असली तरी कमीच पडते. थव्याचा, पाण्याचा, धुक्याचा फोटो काढायचा हे मनाशी ठरवून जावं. ताडोबात नेमकं उलटं होतं. वाघ जिप्सीपासून वीस मीटरवर आडवा उभा असेल, तर ६०० मिमीच्या चौकटीत सव्वा मीटरही मावत नाही, म्हणजे तोंड आणि खांदा एवढंच. दहा मीटरवरून रस्ता ओलांडला तर २०० मिमीतही अख्खा वाघ बसत नाही. म्हणून ताडोबासाठी १०० पासून सुरू होणारी झूम लेन्स बरी. धुळीच्या रस्त्यावर जिप्सीत लेन्स बदलायची वेळ स्वतःवर आणू नका.

यादीत पाणथळी आणि माळरान जास्त असेल तर ५००-६०० कडे झुका. जंगल सफारी आणि गावाभोवतीचे पक्षी असतील तर १००-४०० किंवा १००-५०० पुरते.

पायरी २: बाटल्यांची परीक्षा

ही परीक्षा घरी द्यायची आहे, पैसे द्यायच्या आधी. मजबूत कापडी पिशवीत एक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या आणि वर आपला कॅमेरा ठेवा. झाले पावणेतीन किलोच्या आसपास. १५०-६०० किंवा २००-६०० घेतली की साधारण एवढंच हातात येतं. पिशवी खालून डाव्या तळव्यावर घ्या, उजव्या हाताने आधार द्या, डोळ्यांच्या उंचीवर आणा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ३० सेकंद धरा, ३० सेकंद खाली घ्या. असं दहा वेळा.

हात दुखतो का, यापेक्षा शरीर काय करतंय ते बघा. डावं कोपर बरगडीपासून सुटून बाहेर जातंय का? खांदा कानाकडे चढतोय का? पाठ मागे कलतेय का? चौथ्या-पाचव्या फेरीत हे सुरू झालं, तर दोन किलोची लेन्स तुम्हाला सध्या जड आहे. त्यात कमीपणा काही नाही. एक बाटली काढून पुन्हा करून बघा. दहाही फेऱ्या सरळ पार पडल्या, तर किलो-सव्वा किलोच्या गटातून निवडा.

पक्षी सांगून उडत नाही. फांदीवरचा वेडा राघू किडा पकडायला केव्हा झेपावेल याची वाट बघत पाच-पाच मिनिटं लेन्स डोळ्याला लावून राहावं लागतं. हात थकून लेन्स खाली घेतली, की तो नेमका तेव्हाच झेपावतो.

पायरी ३: वजन कुठून येतं ते समजून घ्या

फोकल लेंग्थला एफ-आकड्याने (एफ/६.३ मधला ६.३; तो जितका लहान तितका उजेड जास्त) भागलं की पुढच्या काचेचा साधारण व्यास कळतो. ६०० ला ६.३ ने भागा, ९५ मिमी येतात. म्हणूनच ६०० मिमी एफ/६.३ पर्यंत जाणाऱ्या बहुतेक झूम लेन्सना ९५ मिमीचा फिल्टर बसतो. ६०० ला ४ ने भागलं तर १५० मिमी. त्या आकाराच्या काचेची लेन्स आजच्या हलक्या बांधणीतही तीन किलोच्या पुढे जाते आणि किमतीत चारचाकीशी स्पर्धा करते. ती नवख्याने सोडून द्यावी.

उलट बाजूला कॅननची आरएफ ६०० मिमी एफ/११ आहे, ९३० ग्रॅमची. उघड्या माळावर, सकाळी नऊच्या उन्हात ती छान चालते. कर्नाळ्याच्या गर्द झाडीत मात्र एफ/११ म्हणजे एफ/५.६ च्या एक चतुर्थांश उजेड. जंगलाच्या सावलीत एफ/६.३ लासुद्धा आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) ३२००-६४०० वर न्यावा लागतो, तिथे ही लेन्स हात टेकते.

एफ/५.६ आणि एफ/६.३ मध्ये फक्त एक तृतीयांश स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्यापायी अर्धा किलो जास्त उचलू नका.

पायरी ४: तुमच्या कॅमेऱ्याला काय बसतं

निकॉनचा जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) हाताशी असेल, तर २००-५०० एफ/५.६ ही वर्षानुवर्षं भरवशाची ठरलेली लेन्स. फोटो सुरेख येतात, पण कॉलरसकट (ट्रायपॉडला लावायच्या कड्यासकट) २.३ किलो आहे. बाटल्यांची परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेल्यांसाठीच. त्याच माउंटची (कॅमेऱ्याला जोडायच्या तोंडाची) ५०० मिमी एफ/५.६ पीएफ १४६० ग्रॅमची आहे. २०१८ साली आलेली ही लेन्स फ्रेनेल पद्धतीच्या काचेमुळे इतकी हलकी आणि आखूड झाली, आणि हातावर वापरण्यासाठी तिच्यासारखी लेन्स विरळा. आता ती जुन्या बाजारात मिळते आणि एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या मिररलेसवरही चालते. मला विचाराल तर मी हिचीच बाजू घेईन. निकॉन झेडवाल्यांना, म्हणजे मिररलेसवाल्यांना, १८०-६०० आहे, कॉलर काढून १९५५ ग्रॅम.

सोनीवाल्यांकडे २००-६०० आहे, २११५ ग्रॅमची. झूम करताना तिची लांबी बदलत नाही. हे वजन नको असेल तर टॅमरॉनची १५०-५०० कॉलर काढल्यावर १७२५ ग्रॅम भरते.

कॅननच्या मिररलेसला आरएफ १००-४०० एफ/५.६-८ ही नवख्यांसाठी मला सगळ्यात आवडणारी लेन्स. फक्त ६३५ ग्रॅम. एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावून दिवसभर गळ्यात घेऊन हिंडा. आरएफ १००-५०० वजनाला कॉलरविना १.३७ किलो आणि गुणाने फार वरची आहे, किंमतही तशीच. जुना कॅनन डीएसएलआर असेल तर ईएफ ४०० मिमी एफ/५.६ शोधा. १२५० ग्रॅमची ही लेन्स १९९३ पासूनची, तिच्यात स्थिरीकरण (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही, तरी उडत्या पक्ष्यांसाठी आजही अनेक जण तीच वापरतात. होडीतल्या ताईंकडे हीच होती.

सिग्मा आणि टॅमरॉनच्या डीएसएलआरसाठीच्या १५०-६०० दोन किलोच्या आसपास आहेत. सिग्माच्या दोन प्रकारांत गल्लत करू नका. कंटेम्पररी १९३० ग्रॅमची आहे, स्पोर्ट २८६० ग्रॅमची. दुसरी हातावर धरायची लेन्स नव्हे. भिगवणला माझ्या मांडीवर जी पडून राहिली ती हीच.

पायरी ५: स्थिरीकरण काय करतं आणि काय नाही

लेन्सवर निकॉन व्हीआर लिहितं, कॅनन आयएस, सोनी ओएसएस. काम एकच, तुमच्या हाताचा कंप पुसणं. फांदीवर शांत बसलेल्या पिंगळ्याचा फोटो यामुळे ५०० मिमीवर १/१२५ सेकंदानेही सुस्पष्ट येऊ शकतो. पण पिंगळ्याने मान वळवली की स्थिरीकरणाचा काही उपयोग नाही. पक्ष्याची हालचाल थांबवायला शटरच वेगवान लागतो.

शटरचे हे आकडे (सेकंदात) सुरुवातीला पाठ करा. बसलेला पक्षी: १/५०० ते १/८००. चालणारे, चरणारे शेकाट्या किंवा तुतवार: १/१०००. उडणारे रोहित, बगळे, करकोचे: १/१६००. सुरय, वेडा राघू, झेपावणारा खंड्या: १/२५०० किंवा त्याहून जास्त. कॅमेरा मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, आयएसओ ऑटो. नवखे आयएसओ वाढायला घाबरतात आणि १/२५० वर अडून बसतात. दाणेदार फोटो संगणकावर बराच सुधारता येतो, हललेल्या फोटोला औषध नाही.

उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवत असाल तर स्थिरीकरण पॅनिंगच्या मोडवर ठेवा, निकॉनमध्ये स्पोर्टवर. साध्या मोडवर चित्र मागे ओढल्यासारखं वाटतं आणि पक्षी चौकटीतून निसटतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. उन्हं चढल्यावर पाण्यावरून आणि माळावरून तापलेली हवा वर येते. सत्तर-ऐंशी मीटरवरचा पक्षी पाण्याखालून बघितल्यासारखा लहरतो. लेन्सला दोष देत लोक ती बदलायला निघतात. त्याच लेन्सने सकाळी सातला पंचवीस मीटरवरून फोटो काढून बघा, पिसं मोजता येतील.

पायरी ६: हातात घेऊन बघायच्या गोष्टी

लेन्स कॅमेऱ्याला लावून डावा तळवा तिच्याखाली सरकवा आणि तोल कुठे साधतो ते बघा. तो बिंदू झूमच्या रिंगजवळ असेल तर उत्तम. झूम करताना बाहेर येणाऱ्या लेन्सचा तोल पुढे जातो आणि मनगटावर ताण येतो. रिंग एका मनगटफेरीत टोकापासून टोकापर्यंत फिरते का तेही बघा. दोनदा हात बदलून झूम करावी लागणारी लेन्स ताडोबाच्या वळणावर त्रास देते.

सर्वात जवळचं फोकस अंतर विचारा. बागेतल्या शिंजिरासाठी, फुलपाखरांसाठी ते फार महत्त्वाचं. कॅनन १००-५०० एका मीटरच्या आत फोकस करते, सिग्मा कंटेम्पररीला २.८ मीटर लागतात. लेन्सवर फोकस लिमिटचं बटण असेल तर वापरायला शिका. दूरचा पक्षी बघताना ते लावलं की लेन्स समोरच्या गवताकडे धावत नाही.

१.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची, फोकल लेंग्थ वाढवणारी जोडलेन्स) एक स्टॉप उजेड खातो, २ पटीचा दोन. एफ/६.३ च्या झूमवर नवख्याने लावू नये. एवढंच.

पायरी ७: आधी भाड्याने, आणि जुनी घेताना टॉर्च

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथे लेन्स भाड्याने मिळते. ओळखपत्र आणि अनामत लागते. मनातली लेन्स शनिवार-रविवारसाठी घ्या आणि यादीतल्या पहिल्या ठिकाणी न्या. रविवारी रात्री दंड आणि मान काय म्हणतात ते ऐका.

जुनी लेन्स घ्यायला हरकत नाही, मीही घेतलीय. पण माझ्या हातून एकदा चूक झाली. ऑगस्टमध्ये, कोंदट संध्याकाळी, एका ओळखीच्या गृहस्थांकडून ४०० मिमीची लेन्स घेतली. बाहेरून नवी कोरी. घरी येऊन मोबाइलचा टॉर्च मागून आत मारला तर दुसऱ्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले. बुरशी. दुरुस्तीवाल्याने उघडून पुसली, पण काचेवरचा लेप तिने खाल्ला होता. सूर्याच्या दिशेने काढलेला प्रत्येक फोटो त्यानंतर धुरकट यायचा.

म्हणून टॉर्च बरोबर न्या. पुढून आणि मागून, तिरपा उजेड टाकून बघा. झूमची रिंग फिरवताना वाळूसारखी करकर येते का ऐका. फोकस जवळून दूर, दूरून जवळ दहा-वीस वेळा करा, मोटर कुठे अडखळते का बघा. मग विटांच्या भिंतीसमोर सरळ उभे राहून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या आणि डावी-उजवी कड तपासा. एक बाजू स्वच्छ आणि दुसरी मऊ असेल तर ती लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. मूळ बिल आणि त्यावरचा क्रमांक लेन्सशी जुळतो का, हे शेवटी.

पायरी ८: धरायची कशी

डावा तळवा वर, लेन्स त्यावर टेकलेली. बोटांनी बाजूने पकडू नका. डावं कोपर बरगडीला चिकटलेलं. कॅमेरा कपाळाला हलका टेकलेला. एक पाय थोडा पुढे. श्वास अर्धा सोडून बटण हळू दाबा. कॉलरचा पाय वर फिरवून ठेवला की तळव्याला टोचत नाही, आणि चालताना लेन्स त्याच पायाला धरून उचलता येते. गळ्यातला पट्टा काढून कॉलरला लावायचा तिरका पट्टा घ्या, म्हणजे भार मानेऐवजी खांद्यावर जातो आणि माउंटवर ताण येत नाही.

शक्य असेल तिथे खाली बसा. गुडघ्यावर कोपर टेकलं की निम्मा कंप तिथेच थांबतो, आणि तुतवार किंवा धोबी त्यांच्याच डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. होडीत काठावर उभं राहू नका, फळीवर बसा, नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा. जिप्सीत शिवलेली कापडी पिशवी न्या आणि तिथे पोचल्यावर तांदूळ भरा. वाघाची वाट बघताना लेन्स तिच्यावर विसावते.

एक विनंती. जूनपासून कोकणात तिबोटी खंड्या घरटं करतो आणि एकेका बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. चोचीत भक्ष्य धरून तो फांदीवर ताटकळतो आणि बिळात शिरत नाही, कारण आपण समोर असतो. पिल्लं तेवढा वेळ उपाशी. लांब लेन्स घेतलीच आहे तर तिचा फायदा त्यालाही मिळू द्या. तो बिळात शिरत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. घरट्याजवळची फांदी तोडू नका, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका.

पायरी ९: पहिले तीन महिने आणि पहिला पावसाळा

नवी लेन्स घेऊन थेट भिगवण गाठू नका. गच्चीवरून घारी टिपा. संथ गोल फिरतात, रोज असतात. आधी नुसत्या डोळ्यांनी घार धरा, नजर न हलवता लेन्स वर आणा, घार चौकटीत सापडली पाहिजे. सुरुवातीला नुसतं आभाळ दिसेल. झूम लेन्स असेल तर २०० वर घार शोधून मग ६०० वर जा. पंधरा दिवसांत हात बसतो. मग पारवे, मग नाल्यावरचा वंचक, आणि शेवटी पाकोळ्या.

मुंबई-कोकणात जूनपासून हवेतली आर्द्रता बुरशीला मानवते. लेन्स तिच्या कापडी बॅगेत, कपाटात कोंडून ठेवू नका. रोज फोटो काढणार असाल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्या, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर लावा. नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, पाव किलो सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. जेलचे दाणे रंग बदलले की मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापरता येतात, मात्र ती कढई स्वयंपाकाला पुन्हा घेऊ नका. आठवड्यातून एकदा लेन्स डब्यातून काढून गच्चीवर न्या आणि अर्धा तास घारींवर हात चालवा.